पोर्शिया शोधायची कशी आणि तिची शिकार बघायची कशी

कोळी म्हटलं की जाळं विणून माशी अडकायची वाट बघत बसलेला प्राणी आठवतो, पण पोर्शिया नावाच्या जिनसमधले, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातले, कोळी दुसऱ्यांच्या जाळ्यात शिरून त्या जाळ्याच्या मालकालाच खातात. तेही धावून जाऊन नाही, तर त्याला फसवून, थांबून, लांबचा वळसा घेऊन, कधीकधी तासन् तास लावून. ही शिकार बघायला लॅब लागत नाही. पोर्शिया जिथे राहते तिथे दिवसाउजेडी, नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या मॅक्रो लेन्सने ती बघता येते, फक्त कुठे बघायचं आणि किती वेळ थांबायचं हे माहीत पाहिजे. बहुतेक लोक तिच्या समोरून निघून जातात कारण ते कोळ्याचा आकार शोधत असतात आणि पोर्शिया कोळ्यासारखी दिसतच नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. पोर्शिया शोधू नका, आधी बाकीच्या कोळ्यांची जाळी शोधा. आणि ती सापडली की तिच्याइतकंच लक्ष ती ज्याला खायला निघालीय त्याच्याकडे ठेवा. जाळ्याचा मालक काय करतो त्यावर पोर्शिया पुढे काय करायचं ते ठरवते, त्यामुळे फक्त तिच्याकडे बघत बसलात तर अर्धी गोष्ट हातातून जाईल.

हा जिनस कार्श या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये नोंदवला आणि आज त्यात वीसेक जाती धरतात. सगळ्या आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उबदार भागातल्या. सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या म्हणजे पोर्शिया फिम्ब्रियाटा, पोर्शिया लॅबियाटा, पोर्शिया शुल्त्झी आणि पोर्शिया आफ्रिकाना. लॅबियाटा श्रीलंका, भारतापासून फिलिपीन्सपर्यंत मिळते, फिम्ब्रियाटा आशियातून खाली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या रेनफॉरेस्टपर्यंत, आणि शुल्त्झी, आफ्रिकाना आफ्रिकेत. तुम्ही यातल्या कुठल्याही भागात असाल तर पुढचं बहुतेक सगळं वापरता येईल, जात कुठलीही असो.

आता शोधायला कुठे जायचं. जिथे जाळी एकमेकांना लागून, दाटीने असतात तिथे. झाडाची खोडं, खडकांच्या सावलीतल्या कपारी, ओढ्याकाठची झुडपं, जुन्या भिंतींचे कोपरे. एकटं दुकटं जाळं बघण्यात वेळ घालवू नका. वेळ दिवसाची, कारण पोर्शिया नजरेवर शिकार करते आणि अंधारात ती फारसं काही करत नाही. ऊन थेट डोक्यावर असताना जाळी दिसत नाहीत, तेव्हा सकाळी किंवा दुपार कलल्यावर जा आणि प्रकाश आडवा येईल असे उभे राहा, म्हणजे धागे चमकतात.

जाळं दिसलं की मधे बसलेल्या कोळ्याकडे बघून पुढे जाऊ नका. जाळ्यात आणि जाळ्याच्या कडेला अडकलेला कचरा बघा, सुकलेल्या पानाचे तुकडे, सालीचे तुकडे, काड्या, धुळीचे पुंजके. पोर्शिया यातलाच एक तुकडा असते. खरा कचरा एका धाग्यावर लटकलेला असेल तर हवेच्या झुळकेत स्वतःभोवती फिरतो, पोर्शिया धाग्यांना धरून बसलेली असते त्यामुळे ती जाळ्याबरोबर हलते पण गिरकी घेत नाही. हा फरक एकदा डोळ्यात बसला की शोधणं खूप सोपं होतं. अजून एक खूण म्हणजे तिचं स्वतःचं जाळं. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुटुंबातली असूनही ती जाळं विणते, आणि हे त्या कुटुंबात फार कमी जण करतात. एक छोटं चटईसारखं, नुसतं बसायला, आणि दुसरं मोठं, नरसाळ्यासारखं, बऱ्याचदा दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्याला जोडलेलं. त्या मोठ्या जाळ्यात एखादं सुकं पान आडवं टांगलेलं दिसलं तर ते नीट बघा, मादी अशा पानावर अंडी घालते. पान उलटवून बघायचा मोह मात्र आवरा.

संशयित तुकडा सापडला की ओळख पटवायची. आकार एक सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, मादी मोठी आणि नर लहान. रंग तपकिरी, राखाडी, कुठेकुठे पांढरे केस. पायांवर केसांच्या झालरी असतात, पोटावर केसांचे झुबके असतात, त्यामुळे शरीराची कडच कुठे सुरू होते ते कळत नाही. विश्रांतीला बसते तेव्हा पाय शरीराला चिकटवून दुमडते आणि तोंडाशेजारचे दोन छोटे पायांसारखे अवयव, म्हणजे पॅल्प्स, मागे ओढून घेते. पण समोरून बघा. पुढचे दोन मोठे गोल डोळे लपत नाहीत आणि ते दिसले की हा उड्या मारणारा कोळी आहे हे नक्की. मग उरतो प्रश्न की दुसरा कुठला उड्या मारणारा कोळी तर नाही ना, आणि त्याचं उत्तर चालीत आहे. बाकीचे पटपट धावतात, थांबतात, परत धावतात. पोर्शियाची चाल अडखळत, तुकड्यातुकड्याने, एक पाय उचलला, थांबली, पुढे ठेवला, थांबली, अशी असते, जणू एखादा पालापाचोळ्याचा तुकडा हवेने जरा जरा सरकतोय. दचकली तर मात्र वेड्यासारख्या उड्या मारत पळते आणि मग एकदम गोठून बसते. तसं झालं तर मागे सरका आणि वाट बघा, पाठलाग केलात तर त्या दिवसाचं निरीक्षण संपलंच.

बसायची तयारी करताना सामान कमीच घ्या. जवळून फोकस होणारी दुर्बीण असेल तर तिच्यासारखं काही नाही, कारण लांब राहून डोळ्यांची दिशासुद्धा दिसते. नाहीतर मॅक्रो लेन्स आणि ट्रायपॉड. मोबाईलवर स्लो मोशन असेल तर ते जरूर वापरा, त्याचं काम पुढे येईल. फ्लॅश टाळा, त्यापेक्षा मंद आणि स्थिर उजेड बाजूने द्या. टेकायला जागा शोधा म्हणजे दर पाच मिनिटांनी पाय बदलावे लागणार नाहीत, तुमची मोठी हालचाल तिला दिसते. जाळ्याला, जाळं ज्या फांदीला बांधलंय तिला, त्या फांदीच्या शेजारच्या फांदीला, कशालाच हात लावू नका. आणि तोंड जाळ्याच्या अगदी समोर आणू नका, तुमचा श्वाससुद्धा जाळ्यासाठी वारा आहे. हे का महत्त्वाचं ते वाऱ्याच्या भागात सांगतो, पण आधी थांबण्याबद्दल.

पहिला बराच वेळ काहीच होणार नाही. पोर्शिया जाळ्याच्या कडेला बसून मालकाकडे टक लावून बघत राहते आणि बघणाऱ्याला वाटतं झोपलीय. झोपलेली नसते. तिच्या पुढच्या डोळ्यांची नजर ०.०४ अंशाइतकी बारीक आहे, माणसाची साधारण ०.००७ (आकडा जितका लहान तितकी नजर तीक्ष्ण), म्हणजे एवढ्याशा जिवाची नजर आपल्यापेक्षा पाच सहा पटच कमी, आणि तीक्ष्ण नजरेसाठी नावाजलेल्या चतुरापेक्षाही कितीतरी सरस. १९८० मध्ये विल्यम्स आणि मॅकिंटायर यांनी दाखवलं की या डोळ्यात टेलिफोटो लेन्ससारखी रचना आहे, समोरची मोठी लेन्स आणि आत नळीच्या टोकाला प्रतिमा अजून मोठी करणारा खळगा. पण याची किंमत अशी की एका वेळी अगदी छोटा भाग दिसतो, आणि पूर्ण चित्र मिळवायला ती डोळ्याच्या आतल्या नळ्या हलवून तुकड्यातुकड्याने सगळं तपासते. म्हणून वेळ लागतो. बाकीचे सहा डोळे हालचाल टिपायचं काम करतात. या वेळात तुम्हीही तेच करा, मालक कुठल्या जातीचा, किती मोठा, तोंड कुठे, जाळ्यात अडकलेलं काही आहे का, अंड्यांचा कोष आहे का, सगळं आत्ताच लिहून ठेवा, कारण नंतर लिहायला सवड मिळणार नाही. पोर्शिया स्वतःच्या आकाराच्या दुपटीपर्यंतच्या कोळ्यालाही हात घालते, तेव्हा मालक मोठा आहे म्हणून आता काही होणार नाही असं समजून उठू नका.

मग ती जाळं छेडायला लागते आणि खरी मजा इथे आहे. जाळं विणणाऱ्या कोळ्यांना फारसं दिसत नाही, त्यांना जग कळतं ते धाग्यांच्या कंपनातून. पोर्शिया एक पाय किंवा पॅल्प धाग्यावर ठेवून ओढते, टिचकी मारते, घासते, पोट हलवते, आणि आठही पाय आणि दोन्ही पॅल्प्स वेगवेगळ्या जोड्यांनी वापरता येत असल्याने तिच्याकडे सिग्नल्सची कमतरता नाही. सुरुवातीला ती वेगवेगळे सिग्नल देत राहते. आता मालकाकडे बघा. तो वळला, एक पाय उचलला, दोन पावलं पुढे आला, की पोर्शिया त्याच्या अगोदर दिलेलाच सिग्नल परत देते. तो परत थांबला की ही परत वेगवेगळं करून बघायला लागते. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं यावर काम केलंय आणि चूक सुधारत शिकण्याची ही पद्धत त्यांच्या प्रयोगांमधून पुढे आली. नोंद करायची सोपी रीत म्हणजे वहीत दोन रकाने, डावीकडे पोर्शियाने काय केलं, उजवीकडे मालकाने काय केलं, आणि मधे वेळ. स्लो मोशन इथे कामाला येतं, कारण कुठला पाय कुठल्या धाग्यावर होता हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, नंतर व्हिडिओ हळू लावून बघितलं की समजतं.

मालक छोटा असेल तर ती त्याला अडकलेल्या किड्यासारखं कंपन देऊन जवळ बोलावते. मालक मोठा आणि धोकादायक असेल तर असं बोलावणं तिलाच महागात पडेल, कारण तो धावून येऊन तिला खाऊन टाकू शकतो. तेव्हा ती एकाच प्रकारची हलकी, एकसुरी कंपनं देत राहते, मालक शांत राहतो आणि ही इंच इंच पुढे सरकते. त्यामुळे मालक येत नाहीये म्हणजे युक्ती फसली असा अर्थ लावू नका, कधीकधी त्याने न येणं हीच युक्ती असते.

आता वारा. वाऱ्याने जाळं हललं की मालकाला बाकीची कंपनं नीट कळत नाहीत, आणि पोर्शिया नेमकी त्या वेळात पावलं टाकते. झुळूक थांबली की ही थांबली. १९९६ मध्ये विल्कॉक्स, जॅक्सन आणि जेंटाइल यांनी हे प्रयोग करून दाखवलं, आणि त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की पोर्शिया ही आडोशाची युक्ती कोळ्याकडे जाताना वापरते, पण जाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या किड्याकडे किंवा अंड्यांकडे जाताना वापरत नाही, म्हणजे समोर कोण आहे बघून ती वागणं बदलते. वारा नसला तर कधी ती स्वतःच जाळं जोरात हलवून तसा गोंधळ करते आणि त्या गोंधळात पुढे जाते. म्हणूनच वर श्वासाबद्दल लिहिलं. तुम्ही जवळ वाकून जाळ्यावर श्वास सोडलात तर एक तर मालक सावध होईल नाहीतर पोर्शिया तुमच्या श्वासाच्या आडून चालायला लागेल, आणि दोन्हीमध्ये तुम्ही जे बघताय ते तुम्हीच घडवलेलं असेल. झुळूक यायची खूण म्हणून जाळ्याजवळच्या एखाद्या हलक्या पानाकडे लक्ष ठेवा, पान हललं की वेळ लिहा, पोर्शियाने पाऊल टाकलं की वेळ लिहा. थोड्या वेळात वहीतच दिसायला लागेल की दोन्ही वेळा जुळतायत का.

सगळ्यात जास्त लोक कुठे उठून जातात माहितीये का, जेव्हा पोर्शिया शिकारीकडे पाठ करून निघून जाते. जाऊ नका. तिथेच थांबा आणि ती कुठे जातेय ते लक्ष ठेवून बघा. समोरून जाणं धोक्याचं किंवा अशक्य असेल तर ती लांबचा रस्ता घेते, खाली उतरते, खोडाच्या मागून जाते, वर चढते, आणि या सगळ्यात बराच वेळ शिकार तिच्या नजरेआड असते. टार्सिटानो आणि जॅक्सन यांनी १९९० च्या दशकात प्रयोगशाळेत तिला उंचावरून शिकार आणि तिच्याकडे जाणारे रस्ते दाखवले, त्यातला एकच पोचणारा होता, आणि खाली उतरून शिकार दिसेनाशी झाल्यावरही पोर्शिया बऱ्याचदा बरोबर रस्त्याने गेली. म्हणजे बघण्यात घालवलेला तो सुरुवातीचा लांबलचक वेळ वाया गेलेला नव्हता. आर्जिओप या गोल जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या बाबतीत हे फार सुंदर दिसतं. आर्जिओप छेडल्यावर अख्खं जाळं जोरजोरात झुलवतो आणि त्यावर चालत येणाऱ्याला फेकून देतो, तेव्हा पोर्शिया जाळ्यावर पायच ठेवत नाही, वळसा घालून वरच्या फांदीवर जाते, स्वतःच्या धाग्यावर जाळ्याला न शिवता खाली येते आणि त्याच्या समोर पोचली की आत झोका घेऊन पकडते. त्यामुळे ती गायब झाली की कॅमेरा मालकावर ठेवा आणि डोळे त्याच्या वरच्या फांद्यांवर.

पोर्शिया जाळ्याबाहेरही शिकार करते आणि तिथे नियम वेगळे. क्वीन्सलँडच्या फिम्ब्रियाटाला दुसरे उड्या मारणारे कोळी खायला आवडतात, आणि त्यांची नजर चांगली असते, म्हणून ती पॅल्प्स मागे ओढून तोंडाचा आकारच लपवते, फार हळू सरकते आणि समोरच्याने वळून बघितलं की जागच्या जागी गोठते. तुम्हाला असं काही दिसलं तर पॅल्प्सकडे बघा, ते आत ओढलेले असतील तर शिकार चालू आहे. तिथेच युरिअॅटस नावाचा कोळी गुंडाळलेल्या लटकत्या पानात राहतो आणि त्याचा नर मादीला भेटायला येतो तेव्हा पानावर उभा राहून थरथरतो, पोर्शिया त्या पानावर जाऊन तशीच थरथरते आणि मादी बाहेर येते. फिलिपीन्समधल्या लॉस बान्योसची लॅबियाटा थुंकणाऱ्या स्कायटोडीस कोळ्याची शिकार करते. हा कोळी तोंडातून चिकट विषारी गोंद फेकतो, म्हणून ती त्याच्या मागून जाते, पण मादीने अंडी तोंडात धरली असतील तर समोरूनही जाते कारण थुंकायचं तर तिला आधी अंडी टाकावी लागतील. फिलिपीन्समधल्याच सगाडाच्या लॅबियाटामध्ये, जिथे हा थुंकणारा कोळी शेजारी नसतो, असं वागणं दिसत नाही, आणि लॉस बान्योसच्या माद्यांची लॅबमध्ये वाढलेली, आधी कधीही असा कोळी न बघितलेली पिल्लंसुद्धा मागून जातात. यावरून एक कामाची गोष्ट निघते. तुमच्या भागातल्या पोर्शियाचं वागणं दुसरीकडच्या वर्णनाशी जुळलं नाही तर तुमचं चुकलं असं धरू नका. तिथे शेजारी कोण कोळी राहतात ते लिहा, उत्तर बहुतेक त्यातच असतं.

शेवटचा हल्ला क्षणार्धात होतो आणि बऱ्याचदा तुम्ही पापणी लववलीत तेवढ्यात संपतो, म्हणून व्हिडिओ अंतर अगदी थोडं उरलं की लगेच चालू करा, झडप दिसल्यावर नाही. चावल्यावर काय होतं तेही बघा, तिचं विष कोळ्यांवर लवकर चालतं. कधी मालक निसटतो, कधी पोर्शियाच खाल्ली जाते, हे घडतं आणि त्यात मधे पडायचं नाही. काडीने शिकार जवळ ढकलणं, जाळं मुद्दाम हलवणं, तिला डबीत भरून घरी नेणं, यातलं काही करू नका. संरक्षित जंगलात तर नुसत्या निरीक्षणासाठीही परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या.

ती खायला बसली की बराच वेळ हलत नाही, फोटो काढायची वेळ हीच. जात ओळखायला चेहरा अगदी समोरून, पोट वरून, पाय बाजूने आणि पॅल्प्स जमेल तितके जवळून असे चार फोटो पाहिजेत, नर असेल तर पॅल्पच्या टोकाला फुगवटा दिसतो आणि तो स्पष्ट आला तर ओळख पटवणाऱ्याचं काम फार सोपं होतं. त्याच्याबरोबर मेलेल्या मालकाचाही एक फोटो घ्या, जाळ्याचा पूर्ण फोटो घ्या, आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकताना नुसतं पोर्शिया दिसली एवढंच न लिहिता कोणाला खाल्लं, पहिल्या छेडीपासून झडपेपर्यंत किती वेळ गेला, वारा होता का, वळसा घेतला का, हे चार ओळीत लिहून टाका. फोटो पुष्कळ लोक टाकतात, पण ती काय करत होती हे लिहिलेल्या नोंदी फार कमी सापडतात.